'मोरो, लासो': खुन्याचा पश्चात्ताप म्हणे!

सुरांचा_हमाल: काल इथे कुणीतरी लिहिलं की इटालियन संगीतकार जेझुआल्दोचं 'मोरो, लासो' हे गाणं म्हणजे बायकोला मारल्याचा पश्चात्ताप, म्हणून सूर असे वेडेवाकडे. डोकंच फिरलं. अहो खून १५९० चा, नेपल्सचा, आणि हे मॅड्रिगल, म्हणजे अनेक आवाजांनी मिळून गायचं गाणं, त्याच्या सहाव्या पुस्तकातलं, १६११ चं. एकवीस वर्षं पश्चात्ताप लोणच्यासारखा मुरत ठेवला होता का? मधे १५९४ ला गडी फेराराला जाऊन दुसरं लग्न करून आला, तिथे लुझ्झास्की वगैरे संगीतकार आधीपासूनच असले सूर लावत होते.

कालचाच_मी: तो 'कुणीतरी' मीच. तारखा मलाही येतात. पहिले दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणारे सूर, ऐका, सी शार्प मेजरवरून थेट ए मायनर, एकही सूर सामाईक नाही, पायाखालची फरशीच सरकते. धडधाकट माणूस असं लिहितो?

मडगावचा_बास: लिहितो की. आम्ही कॉयरमध्ये हे बसवलंय. प्रत्येक आवाज फक्त अर्धा सूर सरकतो, माझा सी शार्पवरून सी, बस. कागदावर सोप्पं, गाताना घाम. दुसरं पान येईस्तोवर आम्ही सगळे मिळून अर्धा सूर खाली, कुणाला पत्ताच नाही. शेवटी कुणीतरी पेटी आणली.

तानपुरावाला: पेटी!! तिथेच घात झाला. पेटीच्या बारा पट्ट्यांत खरा सूर असतो का? १९४० ला रेडिओने पेटी बंद केली ते उगाच नाही.

मडगावचा_बास: आणि १९७१ ला परत घेतली तेही उगाच नाही.

तानपुरावाला: नाइलाज म्हणून. फेरारात विचेंतीनो या संगीतकाराचं आर्किचेंबालो नावाचं पट्ट्यांचं वाद्य होतं, सप्तकाचे एकतीस भाग. त्या लोकांना कान होते. आमच्या शेजारची मुलगी पेटीवर शिकली, आता तिला तानपुरा बेसूर वाटतो, बोला.

सुरांचा_हमाल: अरे धागा कशाचा, चाललंय काय! मूळ मुद्दा शब्दांचा. 'मोरो' म्हणजे मरतोय, तिथे संथ, सरपटत. पुढे 'वीता', जीवन, आलं की लगेच सूर धावायला लागतात. पश्चात्ताप असा शब्दाशब्दाला ब्रेक मारतो का? ही कारागिरी आहे, आणि त्या काळी सगळेच करत होते, आर्काडेल्ट नावाच्या संगीतकाराने १५३९ लाच 'पियांजेंदो' म्हणजे रडत या शब्दावर अनपेक्षित कोमल कॉर्ड ठेवलाय, त्याने कुणाला मारलं होतं?

कालचाच_मी: बरं बाबा, कारागिरी. पण आर्काडेल्ट ऐकून झोप छान लागते आणि हे ऐकून लागत नाही, त्याचं काय? माझे वडील गेले त्या आठवड्यात मी रोज रात्री हेच लावायचो. तुमची तारखांची वही तेव्हा उपयोगी पडली नसती.

सुरांचा_हमाल: हे आधी लिहायचंत ना. त्यावर मी भांडलोच नसतो. पण खुनाचा संबंध अजूनही नाही, एवढं लिहून ठेवा.

तानपुरावाला: बासवाले, तुमची पेटी ४४० हर्ट्झला लावलेली का?