अ‍ॅनोरेक्सिया आणि वाढलेलं कॉर्टिसोल: तुमचे अनुभव लिहा

धाकट्या बहिणीला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडण्याचा मानसिक आजार) आहे, उपचार चालू आहेत. रिपोर्टमध्ये कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन जास्त आलं आणि घरात जो तो म्हणायला लागला, बघा, टेन्शन घेते म्हणून झालं, तिला रिलॅक्स व्हायला सांगा. डॉक्टर म्हणाले उपासमार हाच शरीराला मोठा ताण, रक्तातली साखर टिकवायला कॉर्टिसोल वाढतं आणि स्नायू मोडून साखर तयार होते. हे घरच्यांच्या गळी कसं उतरवायचं? जे यातून गेलेत त्यांनी प्लीज लिहा. वजन-कॅलरीचे आकडे नकोत, वाचणाऱ्यांना त्रास होतो.

निशाचर:
माझी झोपच उडालेली, पहाटे टक्क जागी, अंग गार आणि डोकं मात्र सुसाट. डेक्सामेथासोनची टेस्ट केली, रात्री 11 ला गोळी आणि सकाळी 8 ला रक्त, गोळीनं एरवी कॉर्टिसोल खाली येतं, माझं आलंच नाही. कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल फार वाढण्याचा आजार) आहे का म्हणून सगळे घाबरले, पण त्यात चेहरा गोल होतो, पोट सुटतं, माझी तर गालफडं बसलेली. वजन भरल्यावर पुन्हा तीच टेस्ट केली तर नॉर्मल! त्यासाठी वेगळं औषध काहीच नव्हतं, जेवणच.

एक आई:
हाडांकडे लक्ष द्या गं, कळकळीनं सांगते. कॉर्टिसोल जास्त, इस्ट्रोजेन (पाळीशी संबंधित हार्मोन) कमी, दोन्हीकडून हाडं झिजतात. मुलीची पाळी परत आली, हसायला लागली, पण डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) हाडं अजून मागेच आहेत. स्कॅनचं डॉक्टरांना नक्की विचार.

धावपटू:
मुलग्यांनाही होतो हा आजार, मला झाला. उपाशीपोटी पळायचो आणि थकवा जाणवायचाच नाही, लोक म्हणायचे काय स्टॅमिना आहे. सकाळचं कॉर्टिसोल फार वेगळं दिसलं नाही कारण सकाळी ते सगळ्यांचंच चढलेलं असतं, रात्री उशिरा लाळेचं सॅम्पल घेतलं तेव्हा कळलं की ते उतरतच नाहीये.

पूर्वा:
माझं खाणं वाढवलं तेव्हा सुरुवातीला घालमेल उलट वाढली, प्रत्येक जेवणानंतर रडायचे, तेव्हा बहिणीचं असं झालं तर उपचार चुकतायत असं समजू नका. आणि घरच्यांनी घाईनं एकदम भरपूर खायला घालू नये, रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरच ठरवू देत. पुढच्या व्हिजिटला आईबाबांना सोबत ने, हेच सगळं डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.