फेलोशिप म्हणजे शिष्यवृत्तीच का?

प्रश्न : आमच्या भाचीला यूजीसी-नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली. ती इथे बडोद्यातच, सयाजीराव विद्यापीठात पीएचडी करणार आहे. दांडिया बाजारातलं आमचं मंडळ तिचा सत्कार करतंय आणि पत्रिकेत ‘शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल’ असं छापायला निघालंय. गुजरातीतही शिष्यवृत्ती हाच शब्द असल्यामुळे इथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला मात्र खटकतंय. काय लिहावं?

उत्तर : खटकतंय ते बरोबरच आहे. शिष्यवृत्ती शिकणाऱ्याला मिळते. त्याचं ठळक उदाहरण तुमच्याच गावचं. 1913 साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची या अटीवर. ती शिष्यवृत्ती.

फेलोशिपमध्ये पैसा नंतर येतो, आधी येतं सभासदत्व. ‘फेलो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘फेलागी’वरून इंग्रजीत आला. ‘फे’ म्हणजे गुरंढोरं, पर्यायाने धन. आपलं धन दुसऱ्याच्या धनासोबत एकत्र मांडणारा तो फेलागी, म्हणजे भागीदार. हा ‘फे’ आणि संस्कृतातला ‘पशु’ एकाच मुळाचे आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता! भागीदारीचा तो अर्थ अजून टिकून आहे. केंब्रिजच्या कॉलेजात फेलो असणं म्हणजे त्या विद्वानांच्या मंडळात बरोबरीने बसणं. रामानुजन 1918 साली रॉयल सोसायटीचे आणि ट्रिनिटी कॉलेजचेही फेलो झाले, तेव्हा त्यांना कुणी शिष्य म्हणून घेतलं नव्हतं.

आपल्याकडेही हा शब्द जुना आहे. पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून इंग्रजी अमदानीत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जात. न्यायमूर्ती रानडे त्यांपैकी एक. हे फेलो स्वतः शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवत.

आता बोलण्यातली क्रियापदं बघा, अर्थ आपोआप वेगळे होतात. पीएचडीवाल्याला फेलोशिप ‘मिळते’ : जेआरएफचे दरमहा 37,000 रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) झाली की 42,000. डोळ्यांचा डॉक्टर एमएसनंतर रेटिनाची फेलोशिप ‘करतो’, म्हणजे जाणत्या सर्जनच्या हाताखाली काम करून त्या एका शाखेत हात बसवतो. साहित्य अकादमी विंदा करंदीकरांना फेलोशिप ‘देते’, तेव्हा तो सन्मान असतो. तिन्हींना एकच मराठी शब्द लावायचा हट्ट धरू नये.

दुसरं उत्तर : एक अर्थ राहिला. मराठी बायबलमध्ये फेलोशिपसाठी ‘सहभागिता’ हा सुंदर शब्द आहे. एकत्र प्रार्थना करणाऱ्यांमधला जिव्हाळा त्यात येतो. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अनॉनिमसही स्वतःला फेलोशिपच म्हणवते. दारू सोडू पाहणारे सगळे तिथे सारखेच, आणि वृत्ती-विद्यावेतनाचा संबंधच नाही. तिथे मी ‘सोबत’ म्हणेन.

प्रश्नकर्ता : मग पत्रिकेत? मंडळात कुणी ‘अध्येतावृत्ती’ सुचवतंय.

उत्तर : तो हिंदीतला सरकारी शब्द. मराठीत ‘अधिछात्रवृत्ती’ रुळला आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या तिन्ही संस्था संशोधकांसाठी तोच वापरतात. जड आहे, आणि त्यातला ‘छात्र’ मलाही पुरता पटत नाही, पण संशोधक तो वाचताक्षणी ओळखतात. ज्या गावाने 1931 साली ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ काढून राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले, तिथल्या पत्रिकेत नेमका शब्दच हवा. ‘यूजीसीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्याबद्दल’ असं छापा. सूत्रसंचालकाने मात्र खुशाल ‘फेलोशिप’ म्हणावं, म्हणजे मागच्या रांगेतल्या आजींनाही समजेल.