मदत हवी आहे: २५ जणांसाठी परभणीहून औंढा-परळी-वेरूळ, गाडी कशी ठरवावी?

नमस्कार मंडळी,

परभणीत आईचं भजनी मंडळ आहे. यंदा श्रावणात मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं एका फेरीत करायची ठरलंय, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि वेरूळचं घृष्णेश्वर. २२ बाया आणि आम्ही ३ पोरं सोबतीला, म्हणजे २५ जण. निम्म्या बाया साठीच्या पुढच्या, चौघी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, आणि गुडघे तर जवळजवळ सगळ्यांचेच दुखतात. गाडीचं काम माझ्याकडं आलंय आणि मागच्या वर्षी जे झालं त्यानं मी धास्तावलोय, म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी तुळजापूर-पंढरपूर केलं होतं. फोनवर २० सीटर ठरली, व्हॉट्सॲपवर फोटो आला, नवी गाडी, पुशबॅक सीट, पडदे बिडदे, ॲडव्हान्स पाठवला. पहाटे ५ ला दारात आली ती जुनी १७ सीटर आणि मधल्या वाटेत प्लास्टिकचे स्टूल टाकलेले. विचारलं तर "ती गाडी लग्नात अडकली, हीच न्या". बाया आंघोळी करून, दशम्या बांधून रस्त्यावर उभ्या, आता त्यांना परत घरात जा म्हणणार का? बसलो. प्लेट पांढरी आहे, म्हणजे गाडी भाड्याची नाहीच, हे लातूरला चहाला उतरलो तेव्हा दिसलं.

ड्रायव्हर पोरगा चोवीस-पंचवीसचा, रात्रभर वऱ्हाड सोडून तसाच आलेला. तुळजापूर सोडल्यावर ऊन चढलं आणि पुढं बसलेल्या आत्याच्या लक्षात आलं की ह्याची मान खाली जायली आणि झटक्यानं वर येयली. आत्या काही बोलली नाही, पिशवीतून टाळ काढले आणि त्याच्या शेजारी वाजवायला लागली, मागून सगळ्यांनी गजर धरला आणि तसंच पुढच्या ढाब्यापर्यंत नेलं. तिथं त्याला बाजेवर २ तास झोपवलं. पोराचा मला राग नाही, त्याला झोपू न देता दुसऱ्या फेरीला पाठवणाऱ्याचा आहे.

आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळीच. आईचा एक पाय पायरीवर गेला की दुसरा उचलेना, पायरी एवढी उंच. मागून दोघांनी आधार देऊन चढवावं लागलं. त्यानंतर ती दिवसभर पाणीच प्यायली नाही. घरी आल्यावर पाय सुजलेले, तेव्हा सांगितलं की पाणी प्यायलं की उतरावं लागतं, म्हणून नाही प्यायले. हे परत होऊ द्यायचं नाही, बाकी एसी नसला तरी चालेल.

आता यंदाचं. सोमवारी तिन्हीकडं पाय ठेवायला जागा नसते आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळं बुधवारी निघायचा विचार आहे. आधी औंढा, परत परभणीवरून गंगाखेडला संत जनाबाईंचं दर्शन (भजनी मंडळ गंगाखेड टाळून परळीला जाऊच शकत नाही), मग परळी मुक्काम. दुसऱ्या दिवशी बीडवरून वेरूळ आणि रात्री जालन्यावरून घरी. मॅपवर सगळं मिळून साडेसहाशे किमीच्या आसपास येतंय. काही जणी नर्सी नामदेव पण करू म्हणायल्यात, ते अजून ठरलं नाही.

एकजण २६ सीटर मिनीबस ३० रुपये किमीनं देतोय, रोज किमान ३०० किमी धरणार, टोल-पार्किंग-ड्रायव्हर भत्ता वेगळा. दुसरा म्हणतोय १७ सीटर आणि एक अर्टिगा घ्या, स्वस्त पडेल, पण मग अर्टिगात कोण बसणार यावरून आत्ताच रुसवे सुरू झालेत, आणि पेटी, पखवाज, टाळ कुठं ठेवायचे? श्रावणाच्या पावसात पखवाज टपावरच्या कॅरियरवर ठेवायला मी धजत नाही, पुडी एकदा भिजली की संपलं. मावशीचं म्हणणं एसटीनं जाऊ, बायांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. पण दर ठिकाणी स्टँडवर उतरून दुसरी गाडी धरणं या वयात कसं व्हायचं?

मला हे सांगा:
२६ सीटर म्हणजे ड्रायव्हर धरून का सोडून? ऐनवेळी गाडी बदलू नये म्हणून काय लिहून घ्यावं? कागदं कोणती बघायची? आणि पायरीचा काही उपाय कुणी केलाय का? गाडीवाल्यांची नावं-नंबर नकोत, फक्त अनुभव सांगा.

प्रतिसाद (सेलूकर):
भाऊ, माझी स्वतःची गाडी होती ९ वर्षं, म्हणून सांगतो. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, जो आकडा असतो तो ड्रायव्हर धरून असतो. त्यामुळं आरसीवर २६ असेल तर तुम्ही २५ बरोबर बसता, पण क्लीनर आला तर एकजण उभा, ते आधीच विचारा. बोलताना लोक १७ प्लस १ असं बोलतात, कागदावर बघितल्याशिवाय धरू नका.

गाडीचा नंबर ॲडव्हान्स द्यायच्या आधी मागा. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका, फिटनेस, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते तिथंच दिसतं. प्लेट पिवळीच पाहिजे. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्यानं चालवली आणि देव न करो काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. चिठ्ठीवर गाडीचा नंबर लिहायचा आणि खाली एक ओळ, "हीच गाडी न आल्यास ॲडव्हान्स पूर्ण परत". जो प्रामाणिक आहे तो सही करतो. किमी गॅरेज टू गॅरेज धरणार का तुमच्या दारापासून, हे पण त्याच चिठ्ठीत, नाहीतर शेवटी तिथंच भांडण होतं. निघताना मीटरचा फोटो काढा.

आणि दादा, तुमचा दुसरा दिवस चुकलाय. परळी-वेरूळ-परभणी म्हणजे पावणेपाचशे किमी, त्यात दर्शनाची रांग. कायद्यानं ड्रायव्हरचे दिवसाचे ८ तास आहेत, हे त्यात कसं बसवणार? तीन दिवस करा. त्यालाही झोप लागते, तुम्हीच पाहिलंय.

प्रतिसाद (अंबाजोगाईची ताई):
मावशींना सांगा, पूर्ण एसटी पण मिळते, प्रासंगिक करार म्हणतात, आगारात अर्ज करायचा. पण तिथं गाडीचे पैसे किलोमीटरवर लागतात, माणशी तिकीट नसतं, म्हणून अर्ध्या तिकिटाचा हिशोब तिथं नाही. आम्ही शाळेच्या सहलीला नेतो, ड्रायव्हर अनुभवी असतात, पण पायरी उंचच.

पायरीला आमच्या सासूबाईंसाठी लाकडी पाट केला होता, सुताराकडून, वीतभर उंच, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकले म्हणजे घसरत नाही. प्लास्टिकचा स्टूल नका वापरू, ओल्या जमिनीवर सरकतो. आणि आधार मागून देऊ नका, एकानं वर आत उभं राहून हात द्यायचा, मग बाईमाणसाला अवघडल्यासारखं होत नाही. मागच्या चाकावरच्या सीटवर तुम्ही पोरं बसा, हादरे तिथंच जास्त. औंढ्याला गाभारा खाली आहे, उतरायची वाट अरुंद आणि घसरती, ज्यांना जमत नाही त्यांनी वरूनच हात जोडावेत, आधीच बोलून ठेवा म्हणजे तिथं कुणी मन मोडून घेणार नाही.

धागाकर्ता:
सेलूकर भाऊ, ताई, मनापासून आभार. काल आईला घेऊनच गाडी बघायला गेलो. पहिल्या गाडीच्या पायरीला टेप लावला तर जमिनीपासून दीड फूट. गाडीवाला कशाला मोजता म्हणाला, पण आईला बसवून दाखवल्यावर त्यानंच आतल्या बाजूला पकडायला एक उभी दांडी लावून देतो म्हणून कबूल केलं, वेल्डिंगवाला शेजारीच आहे. नंबर ॲपवर टाकला, इन्शुरन्स आणि फिटनेस दोन्ही चालू आहेत, आरसीवर २६ आहे आणि क्लीनर येणार नाही. चिठ्ठीवर नंबर लिहिला, सही झाली. पाट सुताराला सांगितलाय.

तीन दिवसांचं पण पटलं. फक्त तिसऱ्या दिवसामुळं किमान ९०० किमीचे पैसे लागत होते, म्हणजे १९,५०० च्या जागी २७,०००, माणशी ३०० चा फरक. घासाघीस करून त्यानं किमान २५० वर आणलं, २२,५०० मध्ये ठरलं, टोल-भत्ता वेगळा. आईनं मंडळात सांगितलं तर सगळ्या हो म्हणाल्या. दुसरी रात्र आता वेरूळला.

एवढंच राहिलं, वेरूळला देवळाजवळ २५ जणांना खालच्या मजल्यावरच्या खोल्या आणि कमोड असलेलं संडास अशी सोय कुठं आहे का? वरच्या मजल्याची असेल तर नका सांगू. कुणी श्रावणात राहिलं असेल तर किती दिवस आधी बुक करावं लागलं ते पण लिहा.