अमेरिकेतल्या अणुवीज केंद्राचं लायसन्स बदलतंय, आम्ही लिहायचं का?

सुरसागरकाठची आजी (बडोदा):

नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारात राहते. बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, आता पेन्शन मोजते. विषय लांबचा आहे, पण तुमच्यात कारखान्यांत नोकऱ्या केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

धाकटी मुलगी पेनसिल्वेनियात असते. तिच्या घरापासून अणुवीज केंद्र गाडीनं पंचवीस मिनिटांवर. (केंद्राचं नाव लिहायचं नाही असं जावईबापूंचं फर्मान आहे.) मागच्या हिवाळ्यात तिच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा दवाखान्यात जाताना नदीपलीकडे दोन जाडजूड धुराडी दिसायची. त्यातून निघतो तो धूर नसून वाफ असते, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

आता शेजारणीनं मुलीला एक नोटीस दाखवली आहे. केंद्र चालवणाऱ्या कंपनीनं लायसन्समध्ये दुरुस्ती मागितली आहे. काही उपकरणांची तपासणी आज दर १८ महिन्यांनी होते, ती २४ महिन्यांनी करायची. त्याखाली एनआरसी, म्हणजे तिथलं न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, म्हणतंय की या बदलात 'लक्षणीय धोका नाही' असं आमचं प्रस्तावित मत आहे, त्यावर ३० दिवसांत कळवा, आणि सुनावणी हवी असेल तर ६० दिवसांत अर्ज करा.

मुलगी म्हणते लिहूया. जावई म्हणतात, आपण व्हिसावर आलेली माणसं, कशाला नाव पुढे करायचं? शिवाय 'धोका नाही' असं छापूनच आलंय, म्हणजे सगळं ठरलेलं आहे. खरंच ठरलेलं असतं का? आणि व्हिसावाल्यांना बोलायचा हक्क असतो का?

मी मुलीच्या बाजूची आहे, आधीच सांगून ठेवते. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची सर्व्हिसिंग महिन्याऐवजी तीन महिन्यांनी करायची, 'हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे' असा कागद लागला होता. कुणी कळवलं नाही, मीही नाही. मग एका सकाळी मी आणि कोथिंबिरीची जुडी चाळीस मिनिटं दोन मजल्यांच्या मधे.

रावपुऱ्याचा, सध्या न्यू जर्सी:

आजी, जावईबापूंना सांगा की मत कळवायला नागरिक असावं लागत नाही. कुणीही लिहू शकतं. तुम्ही दांडिया बाजारात बसून लिहिलंत तरी ते दाखल होतं. फी नाही, वकील नाही. नोटिशीत डॉकेट क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा फाइल नंबर असतो, तो टाकून सरकारी संकेतस्थळावर पाठवायचं, नाहीतर टपालानं. एक काळजी घ्या: पाठवलेलं पत्र जसंच्या तसं सगळ्यांना दिसतं. फोन नंबर आणि घरचा पत्ता मजकुरात घालू नका.

सुनावणी मागणं मात्र वेगळं प्रकरण. 'ज्याच्या हिताला बाधा येऊ शकते' अशी कुणीही व्यक्ती मागू शकते, असं कायद्यात आहे, नागरिकत्वाची अट तिथेही नाही. पण या बदलामुळे तुमच्यापर्यंत काय पोचू शकतं ते दाखवावं लागतं. नुसतं 'मी जवळ राहतो' लायसन्सच्या दुरुस्तीत बहुधा पुरत नाही. मग आक्षेप नेमका हवा, त्याला आधार हवा, कागदपत्रं किंवा तज्ज्ञाचं म्हणणं हवं. अर्ज ऑनलाइन भरायला डिजिटल सर्टिफिकेट लागतं आणि ते शेवटच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी मागावं लागतं. लोक साठावा दिवस धरून बसतात आणि इथेच फसतात.

'ठरलेलंच आहे' यावर. छापलंय ते प्रस्तावित मत. पण जावई अगदीच चुकीचे नाहीत. ते मत अंतिम झालं तर एनआरसी दुरुस्ती मंजूर करून लगेच लागू करू शकते, आणि कुणी मागितलेली सुनावणी नंतर होते. आधी लग्न मग पत्रिका!

यामागे एक गोष्ट आहे. २८ मार्च १९७९ ला पेनसिल्वेनियातच थ्री माइल आयलंडचा अपघात झाला. पुढच्या वर्षी त्या बिघडलेल्या युनिटमध्ये कोंडलेला किरणोत्सर्गी क्रिप्टॉन वायू बाहेर सोडायचा होता. तिथले एक रहिवासी स्टीव्हन शॉली आणि इतर काही जण म्हणाले, आधी सुनावणी घ्या. एनआरसीनं न घेता वायू सोडला. नोव्हेंबर १९८० मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की सुनावणी मागितली होती तर ती आधीच द्यायला हवी होती. शॉली जिंकले. तर काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, जानेवारी १९८३ मध्ये कायदाच बदलला: लक्षणीय धोका नसेल तर दुरुस्ती आधी, सुनावणी मागून. त्या बदल्यात लोकांना नोटीस, मत द्यायला मुदत आणि राज्य सरकारशी सल्लामसलत हे बंधनकारक झालं. म्हणून या नोटिशीला तिथले जाणकार आजही 'शॉली नोटीस' म्हणतात. ज्यानं दार उघडायला लावलं, त्याचंच नाव अर्ध्या बंद दाराला!

कॅलिब्रेशनवाला (निवृत्त, मकरपुरा):

ताई, मी अणुकेंद्रात काम केलेलं नाही. केमिकल कारखान्यांत इन्स्ट्रुमेंट खात्यात, मोजमापाची उपकरणं तपासण्यात, बत्तीस वर्षं गेली. पण तुमच्या नोटिशीतलं १८ चं २४ वाचलं आणि राहवलं नाही.

गेज असो की ट्रान्समीटर, बसल्या जागी त्याचं रीडिंग हळूहळू सरकतं. आम्ही त्याला ड्रिफ्ट म्हणायचो. तपासणीला गेलं की हात लावायच्या आधी जे रीडिंग मिळतं ते 'ॲज फाउंड', सेट करून निघताना असतं ते 'ॲज लेफ्ट'. नवीन पोरं आधी स्क्रू फिरवायची आणि मग लिहायची. त्यांना मी दोनदा तरी जेवणाच्या सुट्टीत उपाशी बसवलंय. ॲज फाउंड गेला की उपकरण मधल्या काळात खरं बोलत होतं की खोटं, हे कधीच कळत नाही.

तर कंपनी म्हणते २४ महिने चालेल. कशावरून? मागच्या तपासण्यांतल्या ॲज फाउंड आकड्यांवरूनच सांगता येईल. ते आकडे अर्जात आहेत का, किती वर्षांचे आहेत, मर्यादेबाहेर किती वेळा सापडले, ते मुलीला शोधायला सांगा. अर्ज एनआरसीच्या कागदपत्रांच्या साठ्यात सगळ्यांना बघायला मिळतो. गुप्त असेल तेवढंच झाकलेलं.

दुसरं. तिथल्या नियमावलीत तपासणीला सव्वापट सवलत असते असं वाचलंय. म्हणजे १८ चे साडेबावीस होतात, आणि २४ चे सरळ ३०. अडीच वर्षं! ड्रिफ्टचा हिशेब २४ वर केलाय की ३० वर, हा प्रश्न विचारा. त्याला 'आम्ही सुरक्षेबाबत कटिबद्ध आहोत' असं उत्तर देऊन भागत नाही.

कंपनी लबाड आहे असं मी म्हणत नाही. इंधन बदलायला अणुभट्टी बंद होते तेव्हाच बरीच उपकरणं हाताशी येतात, आणि ते चक्र २४ महिन्यांवर नेलं की तपासण्याही तिथे न्याव्या लागतात. रास्त कारण आहे. तपासणी करतानाही माणूस चुका करतोच, कमी वेळा हात लावण्यात फायदाही असतो. पण आकडे दाखवा.

खंडेराव मार्केटचा भाजीवाला नसलेला:

सगळं ठीक. पण पेनसिल्वेनियातल्या स्क्रूची एवढी चिंता, आणि आपलं काक्रापारचं अणुवीज केंद्र? ते गुजरातेतच आहे की. तिथल्या भट्ट्या जड पाण्यावर (साध्यापेक्षा जड हायड्रोजन असलेल्या पाण्यावर) चालतात, आणि जड पाण्याचा एक कारखाना आपल्या बडोद्याजवळच्या फर्टिलायझरनगरला खेटून उभा राहिला. ११ मार्च २०१६ ला काक्रापारच्या पहिल्या युनिटमध्ये जड पाणी गळलं, भट्टी बंद झाली, सगळ्या कूलंट (भट्टी थंड ठेवणाऱ्या) नळ्या बदलून ती २०१९ मध्ये परत चालू झाली. तेव्हा '३० दिवसांत कळवा' अशी नोटीस कुणाला आली? मला तर नाही.

आपल्याकडे लोकांना विचारतात ते सुरुवातीला. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे नवीन प्रकल्प किंवा विस्तार असेल तर लोकसुनावणी, ३० दिवस आधी पेपरात जाहिरात, खुर्चीवर जिल्हाधिकारी किंवा त्यांचा माणूस. भावनगर जिल्ह्यात मिठीविर्डीला अणुवीज प्रकल्पासाठी ५ मार्च २०१३ ला अशी सुनावणी झाली, गावकरी उठून निघून गेले. पुढे तो प्रकल्प आंध्रात कोव्वाड्याला गेला. पण केंद्र एकदा चालू झालं की नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, लायसन्स पाच-पाच वर्षांसाठी वाढवतं, दर दहा वर्षांनी मोठी सुरक्षा तपासणी करतं. त्यात तुम्हीआम्ही कुठेच नाही. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज तेवढा हातात.

एवढं करून अमेरिकेत तरी एका पत्रानं काय होणार? पत्र फाइलला लागणार, फाइल कपाटाला लागणार.

सुरसागरकाठची आजी:

भाजीवाला नसलेल्या भाऊ, काक्रापारचं बरोबर बोललात. दहा रुपयांचा अर्ज मी करते, कॅलिब्रेशनवाले भाऊ मजकूर सांगतील. पण आपल्याला विचारत नाहीत म्हणून जिथे विचारतात तिथेही गप्प बसायचं, हे मला पटत नाही. बँकेत तपासनीस यायचे तेव्हा आम्हीही म्हणायचो, शेरा फाइलला लागणार. तरी त्या एका शेऱ्याचं लेखी उत्तर देताना मॅनेजर दोन रात्री जागायचे.

काल मुलीनं त्या अमेरिकन कंपनीचा अर्ज काढला. एकशे चौदा पानं. आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर बसलो, तिच्याकडे सकाळ, इथे सुरसागरावर दिवे लागलेले, मधेच बाळ. ॲज फाउंडचे तक्ते शेवटी सापडले. तीन उपकरणांचे आकडे सलग आहेत. चौथ्याच्या रकान्यात एका वर्षी 'बदलले' एवढंच लिहिलंय. बदललं ते का? सरकलं होतं म्हणून, की जुनं झालं म्हणून? बँकेत असा रकाना मी पुढे जाऊच दिला नसता.

मग मी मराठीत सांगितलं आणि तिनं इंग्रजीत लिहिलं: एक, चौथ्या उपकरणाचं काढतानाचं रीडिंग द्या. दोन, हिशेब २४ महिन्यांचा आहे की सवलतीसकट ३० चा, ते स्पष्ट लिहा. 'आम्हाला भीती वाटते' हे वाक्य तिनं घातलं होतं, ते मी काढायला लावलं.

कॅलिब्रेशनवाला (निवृत्त, मकरपुरा):

चौथ्याचं 'बदलले' तुम्ही पकडलंत! ताई, तुम्ही चुकीच्या खात्यात नोकरी केलीत. एक सुधारणा: नव्या उपकरणाचा मेक आणि मॉडेल तेच आहे का, हेही विचारा. वेगळं असेल तर जुन्या आकड्यांचा त्याच्याशी संबंध राहत नाही.

रावपुऱ्याचा, सध्या न्यू जर्सी:

आणि नोटिशीतली तारीख पुन्हा बघा. ३० दिवस ती छापल्यापासून मोजतात, शेजारणीनं दाखवल्यापासून नाही. तिथले नियमही अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या नोटिशीत लिहिलंय तेच धरून चाला.

सुरसागरकाठची आजी:

पाठवलं. सव्विसावा दिवस होता. मेक-मॉडेलचं वाक्य घातलं. पोच आली आहे, त्यावर लांबलचक क्रमांक. सही मुलीची. शेवटच्या क्षणी जावई म्हणाले, माझंही नाव घाल, नाहीतर सासूबाई इथे आल्या की लिफ्टची गोष्ट परत ऐकावी लागेल.

कॅलिब्रेशनवाले भाऊ, काक्रापारच्या अर्जाला कधी बसायचं? रविवारी या, सेव उसळ आणून ठेवते.