इराणच्या जुन्या साम्राज्यांना कुणी विचारत का नाही?

चहाबाज : मॅरेथॉन म्हटलं की पळणारी माणसं आठवतात. पण इ.स.पू. ४९० मध्ये ग्रीसमधल्या त्या मैदानावर हरली ती फौज कुणाची, असं विचारलं की समोरचा चाचरतो. ती इराणच्या दारयवहुश राजाची, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतल्या डरायसची. त्याचं राज्य सिंधूपासून इजिप्तपर्यंत. ग्रीस म्हणजे त्या नकाशाच्या कडेचा शिंतोडा. तरी गोष्ट ग्रीकांची आणि इराणी त्यात नुसते हरायला येतात. हा सरळसरळ युरोपचा चष्मा आहे, आणि आपणही तोच नाकावर चढवून बसलोय.

गढीवरचा : असहमत. युरोपवर खापर फोडणं सोपं आहे. खुद्द इराणात काय झालं ते बघा. पर्सेपोलिसला, म्हणजे या साम्राज्याच्या जुन्या राजधानीला, तिथले लोक तख्त-ए-जमशीद म्हणतात, म्हणजे दंतकथेतल्या राजाचं सिंहासन. दारयवहुशची कबर ज्या कड्यात आहे तो नक्श-ए-रुस्तम, म्हणजे दंतकथेतल्याच रुस्तम या वीराच्या नावाने. साम्राज्य उभारणाऱ्या कुरुशची (इंग्रजीतला सायरस) समाधी तर कित्येक शतकं सुलेमानच्या आईची कबर म्हणून ओळखली जायची. घरच्यांनाच खापरपणजोबाचं नाव आठवेना, तर शेजाऱ्याने श्राद्ध घालायचं का? आणि दारयवहुशने बेहिस्तूनला कोरवलेला लेख कड्यावर चढून उतरवून घेतला कुणी? हेन्री रॉलिन्सनने, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतल्या अधिकाऱ्याने.

चहाबाज : लेख वाचला, मान्य. गोष्ट बदलली का? इ.स. २६० मध्ये इराणच्या नंतरच्या सासानी घराण्यातल्या शापूर राजाने रोमचा सम्राट व्हॅलेरियन जिवंत पकडला, कड्यावर त्याचं शिल्पही कोरलं. रोमवरच्या गप्पांत हे कधी ऐकलंत? आणि पर्सेपोलिस पेटवणारा अलेक्झांडर अजून 'द ग्रेट'!

जातं : तुम्ही दोघं राजांवरून भांडताय. हखामनी, म्हणजे दारयवहुशच्या घराण्याच्या काळातल्या, इराण्यांचे शिलालेख आहेत, पण ग्रीक इतिहासकार हेरोडोटससारखा सलग इतिहास त्यांच्याकडचा हाती नाही. हाती आहेत हिशेब. १९३३ मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीत मातीच्या हजारो पाट्या सापडल्या, बहुतेक एलामी या तिथल्या जुन्या भाषेत. कुणाला किती धान्य दिलं, किती दारू दिली. बाळंतिणीला जादा शिधा. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट! (हे वाचून मला कुणाकुणाच्या सासवा आठवल्या.) मला तरी यात कुठल्याही लढाईपेक्षा जास्त रस वाटतो. पण हेरोडोटस किस्से रंगवून सांगणारा माणूस. कोठारातला कारकून त्याच्यापुढे कसा टिकणार?

गढीवरचा : त्यातही माती होती म्हणून ते टिकलं. कातड्यावर आरामी भाषेत जे लिहिलं ते बहुतेक गेलं. यात युरोपचा काय दोष?

चहाबाज : जे उरलं त्याचं काय केलं, हा माझा प्रश्न आहे. तो तुम्ही शिताफीने टाळताय.

शाईचा डाग : थोडं अवांतर. आपल्या पोरांच्या पाठीवरचं 'दप्तर' फारसीतून आलं. त्याचं मूळ ग्रीक 'डिफ्थेरा', म्हणजे कातडं, असं मानतात. इराणी दरबारात राहिलेला ग्रीक वैद्य क्टेसियस राजाच्या कातडी नोंदींसाठी हाच शब्द वापरायचा. दप्तर कुजलं, नाव तेवढं राहिलं.

चहाबाज : म्हणजे नावसुद्धा ग्रीकांचंच! आणि मी मगाशी काय म्हणत होतो?