चोपचिनी: यातली ‘चिनी’ म्हणजे साखर का?

प्रश्न : आजोबांच्या जुन्या वहीत ‘चोपचिनीचे चूर्ण दुधातून’ असं लिहिलेलं सापडलं. घरात कुणी म्हणालं, कुटून केलेली साखर असेल. शब्दाची फोड नेमकी कशी करायची?

उत्तर : साखरेशी काही संबंध नाही. चोपचिनी ही एका वेलीची औषधी मुळी. मूळ शब्द फारसी, ‘चोब-ए-चीनी’, म्हणजे चीनचं लाकूड. चोब म्हणजे लाकूड, काठी. हा चोब मराठीत आधीपासून आहे: वारीत हातात दंड घेऊन उभा राहतो तो चोपदार, म्हणजेच चोबदार. दोन्ही शब्दांत ‘ब’चा ‘प’ झाला. मला या शब्दातलं हेच सगळ्यात आवडतं, की पालखीपुढचा दंड आणि काष्ठौषधीच्या दुकानातला हा तांबूस, गाठाळ तुकडा एकाच शब्दाचे निघाले.

– मग दालचिनीतली ‘चिनी’ही तीच?

तीच. ‘दार’ म्हणजेही झाड, लाकूड. ‘र’चा ‘ल’ झाला. पण नावावरून गाव ठरवू नका. आपली उत्तम दालचिनी श्रीलंकेची आणि कबाबचिनी, म्हणजे मिरीसारखं दिसणारं औषधी फळ, जावाचं. चोपचिनी मात्र खरोखर चीनची.

– संस्कृत नाव?

भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात, म्हणजे सोळाव्या शतकात, ‘द्वीपान्तरवचा’. वचा म्हणजे वेखंड. समुद्रापलीकडचं वेखंड म्हणा ना! तिथे ती फिरंग रोगावर सांगितली आहे. फिरंग रोग म्हणजे उपदंश, सिफिलिस. फिरंग्यांबरोबर आला म्हणून हे नाव. रोग परका, औषधही परकं, आणि दोघांची नावं तसं स्पष्ट सांगतात. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही 1563 च्या आपल्या ग्रंथात या मुळीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. चीनमध्ये ली शिझेन या वैद्याच्या 1596 साली छापलेल्या ग्रंथातही उपदंशावर हिच्याच जातभाईचा, ‘तू फू लिंग’चा, उपयोग दिला आहे. ‘तू’ म्हणजे माती. ‘फू लिंग’ हे पाइनच्या मुळांवर वाढणाऱ्या एका औषधी बुरशीचं नाव. ‘तू फू लिंग’ मात्र बुरशी नाही, वेलीचा कंद आहे.

– म्हणजे ‘मुळी’ म्हणणं चूक?

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते जमिनीखालचं खोड आहे. बोलताना मुळीच म्हणतात, म्हणू द्या. याच कुळातली घोटवेल सह्याद्रीत सापडते, पण तिला चोपचिनी म्हणू नये. आणि वहीतलं चूर्ण वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.