प्रचारातली द्वेषाची भाषा आता नॉर्मल झालीये का?

प्रश्न: सभेत उमेदवार उघडउघड एका समाजाबद्दल वाट्टेल ते बोलतो, लोक टाळ्या वाजवतात, घरी विषय काढला तर "इलेक्शनमधे असंच असतं" म्हणतात. आपण करायचं काय?

पार्लेकर: असंच नसतं हो! १९८७ ची विलेपार्ले पोटनिवडणूक बघा, धर्माच्या नावावर प्रचार झाला म्हणून हायकोर्टाने १९८९ ला जिंकलेल्या रमेश प्रभूंची निवड रद्द केली, सुप्रीम कोर्टाने १९९५ ला ते कायम ठेवलं आणि पुढे त्यांच्या प्रचारात भाषणं केलेल्या बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्कही काढून घेतला गेला.

नाशिककर ताई: पण ८ वर्षं लागली ना, तोवर टर्म संपते! आचारसंहिता असेल तर सभेतच निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर शूट करून तक्रार टाका, आधीचा व्हिडिओ चालत नाही. आणि टाळ्या वाजवू नका, प्लीज.